मुलांच्या चित्रातले शहर कार्यालयापर्यंत कसे पोहोचवावे? बेळ्ळंदूरच्या उदाहरणावरून समजून घ्या

पर्यावरण दिन आला की शाळेत ‘माझ्या स्वप्नातील शहर’ या विषयावर चित्रकला किंवा निबंध स्पर्धा होते. आपल्या पाल्यानेही कधीतरी भाग घेतला असेल. बक्षीस मिळाले तर प्रमाणपत्र घरी येते, नाही मिळाले तर चित्र वहीत राहते. त्या चित्रात काय होते हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

हा लेख बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. बांधकाम, घरकाम, सुरक्षा किंवा डिलिव्हरीच्या कामासाठी आपण येथे आला असाल, तर मुलांच्या चित्रांचा व लेखनाचा शहराच्या नियोजनाशी काय संबंध आहे आणि आपण काय करू शकता, हे पुढे दिले आहे.

बेळ्ळंदूरच का?

बेळ्ळंदूर तलाव हा बेंगळुरूमधील सर्वांत मोठा तलाव आहे. शहराच्या मोठ्या भागातील सांडपाणी अनेक वर्षे त्यात येत राहिले. त्यामुळे तलावावर पांढरा फेस साचू लागला आणि वाऱ्याने तो रस्त्यावर उडू लागला. फेब्रुवारी 2017 आणि जानेवारी 2018 मध्ये या तलावात आग लागली. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक सरकारला 50 कोटी रुपयांचा दंड केला आणि तलावाच्या कामासाठी 500 कोटी रुपये वेगळे ठेवण्यास सांगितले.

त्यानंतर सप्टेंबर 2022 मध्ये मोठा पूर आला. बाहेरचा रिंग रोड, बेळ्ळंदूर व यमलूर परिसर पाण्याखाली गेला आणि लोकांना बोटीतून व ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. येथील तलाव एकमेकांना राजकालुवे म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्यांनी जोडलेले आहेत. एका तलावाचे जादा पाणी पुढच्या तलावात जाते. नाला बुजला, अरुंद झाला किंवा त्यावर बांधकाम झाले, की पाणी वस्तीत शिरते.

आज येथे दहावीत असलेल्या मुलाने फेस, आग आणि पूर तिन्ही गोष्टी लहानपणीच पाहिल्या आहेत. त्यामुळे हवामान बदलाला तोंड देणारे शहर कसे असावे, हा त्याच्यासाठी फक्त निबंधाचा विषय नाही.

जवळच एक वेगळे उदाहरण

सर्जापूर रस्त्यालगतचा कैकोंड्रहळ्ळी तलाव याच भागात आहे. 2009 च्या सुमारास तोही सांडपाणी आणि कचऱ्याने खराब झाला होता. परिसरातील रहिवासी, अभ्यासक आणि महापालिका यांनी एकत्र येऊन तो पुन्हा उभा केला. तेथे केरे हब्बा म्हणजे तलावाचा सण भरवला जाऊ लागला. त्यात मुलांसाठी चित्रकला, गोष्टी आणि पक्षीनिरीक्षण असे कार्यक्रम असतात.

याचा फायदा असा की मुले तलावाच्या काठावर बसूनच चित्र काढतात. कोणत्या बाजूने घाण पाणी येते, कुठे पक्षी बसतात, कुठे सावली नाही हे त्यांना समोर दिसते. वर्गात बसून काढलेल्या चित्रात निळे पाणी आणि हिरवी झाडे सगळ्यांची सारखीच असतात. जागेवर काढलेल्या चित्रात माहिती असते.

नियम काय सांगतात?

• संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या कलम 12 नुसार, मुलांशी संबंधित बाबींमध्ये त्यांचे मत ऐकले गेले पाहिजे. भारत 1992 पासून या करारात सहभागी आहे.

• याच कराराच्या समितीने ऑगस्ट 2023 मध्ये पर्यावरण व हवामान बदलाविषयी मार्गदर्शन जारी केले. त्यासाठी 121 देशांतील 16,000 हून अधिक मुलांनी आपली मते कळवली होती.

• नोव्हेंबर 2023 मध्ये बेंगळुरूचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य आहे. पाणी, कचरा, वाहतूक, हवा, हिरवळ आणि आपत्ती व्यवस्थापन हे विषय त्यात येतात.

अडचण कुठे आहे?

आराखडा आहे आणि मुलांचे मत ऐकण्याचे तत्त्वही आहे. पण ते मत कोणी, कुठे आणि कधी ऐकायचे, ही साखळी तुटलेली आहे. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण: बृहत बेंगळुरू महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे निवडणूक झाली नाही. 2025 मध्ये पालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आणि बेळ्ळंदूर परिसर बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेत गेला. या काळात प्रभागाचा नगरसेवकच नव्हता, मग मुलांचे म्हणणे घेऊन जायचे कोणाकडे?

दुसरे कारण: स्थलांतरित कुटुंबाचे मतदान बहुधा गावाकडे असते. मुलांना तर मतदानाचा हक्कच नसतो. त्यामुळे अशा घरातील मुलाचे म्हणणे यंत्रणेपर्यंत जाण्याचा नेहमीचा मार्ग उरत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सुंदर शहराच्या चित्रात मजुरांची वस्ती सहसा दिसत नाही. जानेवारी 2020 मध्ये बेळ्ळंदूरजवळील करियम्मन अग्रहार येथे स्थलांतरित मजुरांच्या झोपड्या पाडण्यात आल्या होत्या. पुढे हे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने हस्तक्षेप केला. स्वच्छ, हिरव्या शहराची कल्पना करताना ते शहर बांधणारे लोक कुठे राहतील, हा प्रश्न चित्रातून वगळला तर आराखड्यातूनही वगळला जाऊ शकतो. आपल्या मुलाने आपली खोली, आपली गल्ली आणि आपले पाण्याचे पिंप चित्रात काढणे म्हणूनच गरजेचे आहे.

आपण काय करू शकता?

1. मुलाला आपल्याच वस्तीचे चित्र काढायला सांगा. पावसात पाणी कुठपर्यंत येते, दुपारी पत्रा किती तापतो, टँकर कोणत्या दिवशी येतो, कचरागाडी कुठे थांबते हे त्यात दाखवू द्या.

2. चित्राखाली ठिकाण, तारीख आणि मुलाचे वय लिहा. जवळची खूण लिहा, उदाहरणार्थ बसथांबा किंवा पूल. निबंध असेल तर ‘काय घडते’ आणि ‘काय बदलावे’ असे दोन भाग करा.

3. मूल मराठीत लिहीत असेल तर लिहू द्या. शाळेतील मित्राच्या किंवा शिक्षकांच्या मदतीने चार ओळी कन्नडमध्ये जोडा, म्हणजे कार्यालयात वाचणे सोपे जाईल.

4. एकट्याचे चित्र देण्यापेक्षा वस्तीतील किंवा वर्गातील दहा-बारा चित्रे एकत्र द्या. एकाच नाल्याची तक्रार दहा चित्रांत दिसली तर ती नजरेआड करणे कठीण होते.

5. शाळेमार्फत प्रभाग कार्यालयात अर्जासोबत झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. मूळ चित्र स्वतःकडे ठेवा. नाला तुंबणे, कचरा अशा तातडीच्या तक्रारीसाठी 1533 या क्रमांकावर संपर्क करता येतो.

6. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ‘या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असे विचारा. उत्तर 30 दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो.

उपयोगी योजना

• शाळेतील पर्यावरण मंडळ: समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या युवा व पर्यावरण मंडळांसाठी अनुदानाची तरतूद आहे. आपल्या शाळेत मंडळ आहे का आणि त्यात आपला पाल्य आहे का, हे पालक सभेत विचारा.

• राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन चित्रकला स्पर्धा: ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही स्पर्धा इयत्ता 5 वी ते 10 वीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन गटांत घेतली जाते. राष्ट्रीय पुरस्कार 14 डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाच्या सुमारास दिले जातात.

• प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार: 5 ते 18 वयोगटातील मुलांसाठी आहे. पर्यावरण तसेच कला व संस्कृती या क्षेत्रांतही नामांकन करता येते.

• शाळेत प्रवेश: या सर्व संधी प्रामुख्याने शाळेतूनच मिळतात. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 6 ते 14 वयोगटातील मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावाकडील शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही.

लक्षात ठेवा

अर्ज देताना मुलाचा आधार क्रमांक, घरचा फोन नंबर किंवा फोटो चित्रावर लावू नका. संपर्कासाठी पालकाचे किंवा शाळेचे नाव अर्जावर पुरेसे आहे. अर्ज पावसाळ्यापूर्वी, एप्रिल किंवा मेमध्ये दिल्यास नालेसफाईच्या कामात त्याची दखल घेण्यास कार्यालयाला वेळ मिळतो.