सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

प्रतापगड म्हटलं की हॉस्टेलवरच्या प्रत्येकाला अफझलखान आठवतो. फर्स्ट इयरपासून हेच चाललंय. म्हणून आधी खुलासा करतो: तो सातारा जिल्ह्यातला. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा, महाशिवरात्रीला मोठी यात्रा, खाली धानाची शेती आणि जागोजागी जुने तलाव. अशा ठिकाणाचा आणि एंटरप्राइज सर्व्हरच्या क्लस्टरिंगचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध एका वाक्यापुरता आहे, पण ते वाक्य या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलेलं आहे: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

आपल्याला सर्व्हर डाऊन म्हणजे रिझल्ट दोन तास उशिरा. तेवढा वेळ आपण कॅन्टीनमध्ये शिव्या देत काढतो. शेतकऱ्याचं तसं नाही. आधारभूत किमतीला धान विकायचं तर ऑनलाइन नोंदणी लागते, नोंदणीला सातबारा लागतो, आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या पलीकडे कुठेतरी असतात. ‘उद्या या’ म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचं भाडं गेलं. नोंदणीची शेवटची तारीख उलटली तर धान व्यापारी देईल त्या भावाला. एवढं सगळं एका मशीनपायी होत असेल, तर त्या मशीनबद्दल आपण इंजिनिअर होऊ घातलेल्या लोकांनी दोन शब्द बोलायला हवेत.

माझं म्हणणं सरळ आहे. सर्व्हर बंद पडला तरी काम चालू ठेवणं ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन’ हा पैशाचा प्रश्न कमी आणि ठरवण्याचा, सवयीचा प्रश्न जास्त आहे.

क्लस्टर म्हटलं की आपल्या लोकांना आठवतो तो सुपरकॉम्प्युटर. पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० (१९९१), किंवा टाटांच्या पुण्यातल्याच संगणन प्रयोगशाळेचा एका, जो नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर आला. पेपरात फोटो छापून आले, अभिमान वाटला. पण तो वेगासाठीचा क्लस्टर: हजारो प्रोसेसर मिळून एक मोठं गणित सोडवतात. मी म्हणतोय तो दुसरा. त्याचा फोटो कुणी छापत नाही. त्यात दोन-चार मशीन एकमेकांवर नजर ठेवून असतात. दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप एकीकडून दुसरीकडे जातो. त्याला हार्टबीट म्हणतात. निरोप यायचा थांबला की उरलेलं मशीन काम उचलतं. ते फेलओव्हर. डेक या कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्स-क्लस्टर आणला तेव्हापासून ही कल्पना बाजारात आहे.

ऐकायला सोपं आहे. अडचण कुठे येते ते मेसच्या उदाहरणाने सांगतो. समजा मेसला दोन सेक्रेटरी आहेत. एक आजारी पडला तर दुसऱ्याने हिशेब बघायचा, असं ठरलंय. एक दिवस दोघांचे फोन लागत नाहीत. दोघेही ठणठणीत आहेत, पण प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला गावाला. दोघेही भाजीवाल्याला पैसे देतात, दोघेही वेगळ्या वह्यांत हिशेब लिहितात. महिनाअखेरीस दोन वह्या, दोन्ही खऱ्या आणि दोन्ही चुकीच्या. सर्व्हरच्या भाषेत याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. बंद पडलेला सर्व्हर परवडला, कारण तो सुरू करता येतो. दोन सर्व्हरांनी एकाच डेटावर वेगवेगळं लिहिलं, तर तो सातबारा कुणाच्या नावाचा हे सांगायला कुणीच उरत नाही.

यावर उपाय मतदानाचा. प्रत्येक मशीनला एक मत, आणि निम्म्याहून जास्त मतं ज्या गटाकडे, त्यानेच काम करायचं. दुसऱ्याने गप्प बसायचं. हा कोरम. पण मशीन दोनच असतील आणि मधली तार तुटली तर एक-एक मत, बहुमत कुणाचंच नाही. म्हणून तिसरं मत लागतं, त्याला विटनेस म्हणजे साक्षीदार म्हणतात. मेसमध्ये हे काम वॉचमन करू शकेल. हिशेबाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे ठेवा. आधी येईल त्याने किल्ली न्यावी, दुसऱ्याने परत जावं. वॉचमनला हिशेब येण्याची गरज नाही.

आता या सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय आलं ते पाहू. माझा मुद्दा त्यातच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइज आवृत्तीत क्लस्टर आणला तेव्हा दोनच मशीन जोडता येत. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये ती आठ झाली, २००८ मध्ये सोळा, २०१२ मध्ये चौसष्ट. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो, आणि आपण परीक्षेतही तोच लिहितो. प्रतापगडच्या शेतकऱ्याला चौसष्टचा उपयोग शून्य. त्याच्या उपयोगाच्या गोष्टी त्याच आवृत्त्यांमध्ये खालच्या ओळीत आहेत.

२००८ पूर्वी क्लस्टरसाठी कंपनीच्या यादीतलं ठरावीक हार्डवेअरच घ्यावं लागे. २००८ मध्ये तपासणीचा विझार्ड आला. तुमच्याकडचं मान्यताप्राप्त हार्डवेअर जोडा, चाचणी पास झाली की चाललं. २०१२ मध्ये ही सोय महागड्या एंटरप्राइज आवृत्तीतून साध्या स्टँडर्ड आवृत्तीत उतरली. त्याच वर्षी डायनॅमिक कोरम आला: मशीन एकेक करून गळत गेली तर मतांची संख्याही तशी कमी धरली जाते, त्यामुळे शेवटी एकच उरलं तरी काम चालू राहू शकतं. २०१६ मध्ये क्लस्टर बंद न करता एकेक मशीन नव्या आवृत्तीवर नेता येऊ लागलं, आणि साक्षीदार क्लाउडमध्ये ठेवता येऊ लागला. २०१९ मध्ये तर राऊटरला लावलेला साधा यूएसबी ड्राइव्हसुद्धा साक्षीदार म्हणून चालू लागला, राऊटरला ती सोय असली म्हणजे झालं. ज्या तिसऱ्या मतासाठी पूर्वी सामाईक डिस्क नाहीतर आणखी एक सर्व्हर लागायचा, ते आता खिशात मावतं.

लायसन्सचे पैसे नसतील तर लिनक्स आहे. मशीनांची एकमेकांशी बोलणी करायला कोरोसिंक, कुठलं काम कुठे चालवायचं ते ठरवायला पेसमेकर, आणि एका डिस्कवरचं लगेच दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर उतरवायला डीआरबीडी. हे शेवटचं २०१० पासून लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच आहे. तिन्ही मोफत मिळतात. रेड हॅटसारख्या कंपनीने २०१४ च्या आवृत्ती ७ पासून स्वतःचं जुनं सोडून पेसमेकरच घेतला. म्हणजे मोठ्या कंपन्या ज्यावर चालतात तेच आपल्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर चालतं.

आणि हे सगळं कुठेतरी अमेरिकेत होतं असंही नाही. क्लस्टर आणि स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेकाळी सर्वांत मोठं नाव असलेल्या व्हेरिटास कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात होतं. २००५ मध्ये सिमँटेकने ती घेतली, २०१६ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली, पण काम पुण्यात चालूच राहिलं. आपल्यासारख्याच कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी जगभरच्या बँकांचे सर्व्हर पडू नयेत म्हणून कोड लिहिला. मग त्याच राज्यात तालुक्याच्या खिडकीवर ‘उद्या या’ हेच उत्तर का?

इथे कुणी म्हणेल, बाबा रे, सगळा दोष सर्व्हरला नको. तिकडे लाईन जाते, पावसाळ्यात केबल तुटते, मुख्य सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये धडधाकट असतो आणि खिडकीतला माणूस सवयीने ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो. हे अगदी खरं आहे. मी तर म्हणतो अर्ध्या वेळेला सर्व्हर बिचारा निर्दोष असावा. पण शेतकऱ्याला त्याने काय फरक पडतो? साखळी जिथे एकेरी असेल तिथेच तुटणार. वीज, केबल, राऊटर, सर्व्हर, डिस्क यांतलं जे एकच आहे, ते शोधणं हेच तर या विषयाचं पहिलं पान आहे.

आणि नुसतं दोन-दोन आणून भागत नाही, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसई सकाळी ११.४० ला थांबला, तो दुपारी ३.४५ ला सुरू झाला. पैशाची कमी? नाही. लिंक दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या, चेन्नईला पर्यायी केंद्रही होतं. पण दोन्ही कंपन्यांच्या लिंक एकाच वेळी बिघडल्या, त्यातून स्टोरेज अडलं, त्यातून जोखीम तपासणारी यंत्रणा अडली, आणि काम चेन्नईला हलवलं गेलं नाही. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यावर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पुन्हा उभं करायचं. या नियमात मशीन आणखी घ्या असं कुठे म्हटलंय? निर्णय किती वेळात घ्या, एवढंच म्हटलंय.

हा धडा आमच्या भागाला नवा नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण पाळ कुणी बघायची, पाणी कधी सोडायचं, गाळ कुणी काढायचा, हे ठरवणारं रोजचं माणूस त्याबरोबर गेलं. तलाव जागेवर राहिले आणि कितीतरी गाळाने भरले. कपाटात नुसता ठेवलेला दुसरा सर्व्हर म्हणजे असाच गाळ साचलेला तलाव. कागदावर तो असतो, वेळेला पाणी देत नाही.

म्हणून ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं कुणीही म्हटलं, मग ते तालुक्याचं केंद्र असो की आपलंच कॉलेज, तर तीन प्रश्न विचारायचे. एक, याच्या जागी दुसरं काय आहे? दोन, बदल कधी करायचा हे ठरवणार कोण? तीन, शेवटचं कधी मुद्दाम बंद करून पाहिलं होतं? पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. दुसऱ्याला ‘वरून विचारावं लागेल’ असं ऐकू येईल. तिसऱ्यावर सगळे एकमेकांकडे बघतील.

सर लोकांना एक विनंती. क्लस्टरची व्याख्या आणि फायदे-तोटे आम्ही पाच मार्कांसाठी लिहितोच. त्याऐवजी लॅबमधले काढून टाकायचे तीन पीसी द्या. दोघांवर लायब्ररीचा नाहीतर मेसचा हिशेब ठेवू, तिसरा साक्षीदार. आणि महिन्यातून एकदा, कुणालाही आधी न सांगता, चालू मशीनची वायर उपटायची. काम किती सेकंदांनी परत सुरू झालं तो आकडा नोटीस बोर्डावर लावायचा. पहिल्या महिन्यात सुरूच होणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. डीआरबीडी असलं तरी बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो, हेही तेव्हाच कळेल, कारण एका मशीनवर चुकून पुसलेलं दुसऱ्यावरही त्याच क्षणी पुसलं जातं. ही अक्कल पुस्तकातून येत नाही.

आणि मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण कॅम्पसमधून पुण्या-मुंबईला जातील, बँकांचे सर्व्हर सांभाळतील. जरूर जा. पण दोन-चार जणांनी तरी ही विद्या तालुक्याला न्यावी. दोन मशीन, दोन वेगळ्या वाटेने आलेल्या लाईनी, इन्व्हर्टर, राऊटरला एक यूएसबी, आणि भिंतीवर एक कागद: बंद पडलं तर कुणी, किती मिनिटांत, काय करायचं. प्रतापगडच्या पायथ्याशी राहणाऱ्याला क्लस्टर हा शब्द कळायची काहीच गरज नाही. त्याला सातबारा आजच मिळाला पाहिजे.