वर्गणी देताना एक प्रश्न विचारू या

गणपती जवळ आले की आमच्या गल्लीतली मुलं पावती पुस्तक घेऊन दारात उभी राहतात. आपण वर्गणी देतो, "कार्यक्रम चांगला करा रे" म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो. मागे बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "अक्का, माझी पोर लेझीम झकास खेळते. मिरवणुकीला तिला बोलावतात. पण विसर्जन झालं की मंडळाच्या कट्ट्यावर तिनं बसायची सोय नाही. तिथं पोरं असतात ना!"

खरंच आहे. मुलाला मंडळ आहे, तालीम आहे, कट्टा आहे. मुलीला शाळा सुटली की घर. मग दहावीनंतर शिक्षण थांबतं, स्थळं यायला लागतात, आणि तिच्या मनात काय आहे हे विचारणारंही कोणी नसतं.

मैत्रिणींनो, तरुणांची संघटना अशीच असावी लागते असं मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात राष्ट्र सेवादल उभं राहिलं. ४ जून १९४१ रोजी पुण्यात त्याची स्थापना झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. साने गुरुजींच्या शब्दाने गावोगावची मुलं त्यात ओढली गेली. रोज संध्याकाळी मैदानावर शाखा भरायची. खेळ, कवायत, गाणी आणि मग चर्चा. लोकशाही, समाजवाद, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही मूल्यं तिथे भाषणातून कमी आणि वागण्यातून जास्त शिकवली जायची. एका रांगेत उभं राहताना जात विचारायची नाही. आणि मुलीही त्याच मैदानावर!

त्या काळी हे सोपं नव्हतं. आयाबायांना लोकांचे टोमणे ऐकावे लागले असणार. पण त्यातूनच मृणाल गोरे पुढे आल्या. त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण सोडून दलाच्या कामात उडी घेतली आणि पुढे मुंबईच्या 'पाणीवाली बाई' झाल्या. सुधा वर्दे दलाच्या कलापथकातून गाणी, नाच घेऊन महाराष्ट्रभर फिरल्या. निळू फुलेही याच कलापथकात घडले.

आपल्या जिल्ह्याशी तर या कामाचं जवळचं नातं आहे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावत होते, आणि सेवादलाचं कलापथक त्यांच्या सोबत होतं. ज्या दारातून आज आपण सगळे आत जातो, ते उघडायला तरुणांचे हातही लागले आहेत.

आता पूर्वीइतक्या शाखा दिसत नाहीत. मुलांना क्लास आहेत, हातात मोबाइल आहे. आपणही "अभ्यास सोडून कुठं चाललास" म्हणतोच की! दोष एकट्या पोरांना देऊन चालणार नाही. मंडळाची मुलं रक्तदान करतात, पूर आला की धावून जातात. त्यांच्यात धमक आहे. कमी आहे ती वर्षभराच्या कामाची आणि मुलींना जागा देण्याची.

यासाठी मोठा पैसा लागत नाही. रविवारी तासभर शाळेचं मैदान मागावं. दोन आयांनी पाळीपाळीने तिथे थांबावं, म्हणजे घरच्यांची काळजी मिटेल. खेळ व्हावेत, एखादं पुस्तक वाचलं जावं, गल्लीतल्या पाण्याचा, कचऱ्याचा प्रश्न मुलामुलींनी मिळून हाती घ्यावा.

आणि यंदा पावती पुस्तक दारात आलं की वर्गणी जरूर द्या. पण त्याआधी हसतमुखाने एवढं विचारा, "बाळांनो, तुमच्या कार्यकारिणीत मुली किती?" उत्तर ऐकून मुलं जरा गडबडतील. गडबडू द्या. पुढच्या वर्षी पावती फाडायला एखादी मुलगी आली, तर आपला प्रश्न कामी आला म्हणायचा.