सिकलसेल : तपासलेले मोजून झाले, आता औषध घेणारे मोजा



नोव्हेंबर २०२५ मध्ये सीएसआयआर-आयजीआयबी या दिल्लीच्या संस्थेचा ‘बिरसा १०१’ हा सिकलसेलवरचा देशी क्रिस्पर (जनुक-संपादन) उपचार जाहीर झाला. ज्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे, तिथे या बातमीचा आनंद होणे साहजिक आहे आणि आदिवासी नेते बिरसा मुंडा यांचे नाव त्याला देणे तर फारच उचित. पण अशा संशोधनातून जे कळले आहे त्याचा मोठा भाग आजच, तिरोड्यासारख्या तालुक्याच्या दवाखान्यात वापरता येतो. तो तसा वापरला जातो की नाही, यावरच या आजाराबाबत सरकारचे यशापयश ठरवावे, एवढेच मला मांडायचे आहे.

मुळात हे संशोधन काय सांगते? २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘कॅसजेव्ही’ हा क्रिस्पर उपचार सिकलसेलचे सदोष जनुक दुरुस्त करत नाही. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणे जवळपास थांबते. कॅसजेव्ही ते पुन्हा सुरू करतो. हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुरेसे असले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त कॅप्सूलदेखील मुख्यतः हेच हिमोग्लोबिन वाढवते. तिचा परिणाम कमी असतो आणि ती रोज घ्यावी लागते, हे खरे. पण वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ तिने कमी होते, याचा भक्कम पुरावा १९९५ पासून आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांना किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम देऊन चांगला गुण येतो हे दाखवले. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, हा समजही नागपूरच्या अभ्यासांपुढे टिकलेला नाही. आपल्या लोकांच्या रक्तावर, आपल्या मुलांच्या वजनावर बेतलेला हा डोस म्हणजेच अचूक उपचार. त्यासाठी जनुके कापण्याची गरज पडली नाही.

आता प्रत्यक्षातली अडचण पाहा. बाजारात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आहे आणि १० किलो वजनाच्या बाळाला १०० मिलिग्रॅम पुरतात. आईने ती घरी फोडून पाच भाग करावेत, अशी अपेक्षा कुणी करू नये. युरोपात पातळ औषध मिळते. आपल्याकडेही आयसीएमआरने २०२४ मध्ये लहान मुलांसाठी असे औषध बनवायला कंपन्यांना आवाहन केले. ते उपकेंद्रापर्यंत पोचवणे हे आता खरेदी विभागाचे काम आहे. तीच गोष्ट नवजात बाळांची. जन्मतः गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनच जास्त असल्याने शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी त्यांच्यात उपयोगाची नाही. टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करावी लागते. गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ती झाली पाहिजे, कारण या आजारात पहिल्या पाच वर्षांतला जंतुसंसर्गच अनेकदा जिवावर बेततो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगाचे औषध, खेड्यात देणे धोक्याचे. काळजी हवीच: रक्तपेशी मोजाव्या लागतात, गर्भधारणेच्या वेळी ते थांबवावे लागते. पण अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या सहाशेवर मुलांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध सुरक्षित ठरले, झटके, हिवताप आणि मृत्यूही घटले. आपल्याच जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीचा हिवताप पाहता ही नोंद आपल्याला महत्त्वाची वाटायला हवी. दुसरा आक्षेप, एकदाच होणारा कायमचा इलाज येत असताना रोजच्या औषधावर पैसा कशाला? कारण जनुक उपचारात आधी स्वतःच्या मूलपेशी काढायच्या, मग तीव्र केमोथेरपी, मग कित्येक आठवडे रुग्णालय. आणि तोवर निकामी झालेली प्लीहा वा झिजलेला खुबा त्याने परत मिळत नाही. संशोधनाचा एक रुपयाही कमी करू नये, पण त्या दिवसापर्यंत मूल जगले आणि धडधाकट राहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: मुलामुलीची सिकलसेल तपासणीची कार्डे जुळवून लग्ने करा, आजार आपोआप संपेल. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक असतो, म्हणून समुपदेशन हवेच. पण आज जन्मलेल्यांना त्याचा काय उपयोग? शिवाय नकार मुलीच्याच वाट्याला अधिक येण्याचा धोका आहे. आणि हा केवळ आदिवासींचा आजार नव्हे. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूर भागातून त्याची नोंद केली, तेव्हापासून तो विदर्भातल्या दलित, बौद्ध आणि इतर मागास कुटुंबांतही सापडत आला आहे. आदिवासी भागांवर बेतलेल्या राष्ट्रीय तपासणी मोहिमेतून ही कुटुंबे सुटता कामा नयेत.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल इथे सुरू झालेल्या या मोहिमेत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली, हे मोठे काम आहे. जिल्हा आरोग्य विभागाने त्यापुढे जाऊन दर तिमाहीला तीन आकडे तालुकावार प्रसिद्ध करावेत: एसएस (आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेले) रुग्ण किती, त्यांपैकी हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणारे किती, आणि साठा संपल्यामुळे किती दिवस औषध देता आले नाही.

— एक वाचक, बोदलकसा (ता. तिरोडा, जि. गोंदिया)