पाण्याची किर्द

गेल्या मे महिन्यात मी मावशीकडे मानपूरला होतो. मानपूर हे इंदूर जिल्ह्यातले, आग्रा-मुंबई रस्त्यावरचे घाटमाथ्याचे गाव. जवळच जानापावचा डोंगर, जिथे चंबळ उगम पावते. नदीच्या उगमाशी असलेल्या गावाला पाण्याची काय ददात, असे समजून मी पहिल्याच दिवशी तीन बादल्या पाण्याने अंघोळ केली. मावशी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मावसबहिणीचा बी. ए.चा पेपर होता. आठच्या बसने तिला महूला जायचे होते. मी उठलो तेव्हा ती एक घागर डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन लांबच्या विहिरीवरून येत होती. घागरी पिंपात रिकाम्या करून ती तशीच पुन्हा गेली. बस चुकली. काकांनी मोटारसायकल काढून तिला पोचवले म्हणून पेपर मिळाला, तोही वीस मिनिटे उशिरा. मला कोणी दोष दिला नाही. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘पाहुणा – ३ बा.’ आणि त्या दिवसाच्या चौकटीत: ‘जादा ४ घा.’

हे अक्षर मावशीच्या सासूबाईंचे. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. दिवसाकाठी किती घागरी आल्या, पिण्याला किती, स्वयंपाकाला किती, अंघोळीला किती आणि कोणाच्या, हे त्या रोज लिहितात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. किर्द-खतावणी शिकायला फी भरतो. चौथीपर्यंत शिकलेल्या आजींची किर्द माझ्यापेक्षा चोख होती, कारण तिच्यात खर्च ज्याच्या त्याच्या नावावर पडत होता.

ही सवय त्यांना देवासने लावली. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली कोरडी हवा मानवेल म्हणून ज्या देवासला गेले, तेच हे गाव. एप्रिल १९९० मध्ये तिथे इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात त्या पन्नास टँकरांच्या गाडीची नोंद आहे. आजी तेव्हा तिथे संसार करीत होत्या, पदरात दोन लहान मुले. “घरात सगळेच म्हणायचे, मी कुठे जास्त वापरतो. मग मी लिहायलाच लागले,” त्या म्हणाल्या. भाजी परातीत धुवायची, ते पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. तांदळाचे धुवण गाईला. मुलांना घमेल्यात उभे करून न्हाऊ घालायचे आणि तेच पाणी फरशीला. पाऊस आला, गाडी बंद झाली, पण आजींनी लिहिणे थांबवले नाही.

विद्यार्थी मित्रहो, ‘पाणी वाचवा’ ही पाटी आपल्या जिन्यात आहे, भोजनगृहात आहे, न्हाणीघराच्या दारावरही आहे. तिचा उपयोग झाल्याचे मला दिसत नाही. काटकसर ही मनाच्या चांगुलपणाची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो, तिथेच चूक होते. माझे मन त्या दिवशी वाईट नव्हते. मला फक्त माप माहीत नव्हते. तीन बादल्या म्हणजे पन्नास लिटरांच्या आसपास. खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, हे जल जीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. म्हणजे एका माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवस मी दहा मिनिटांत मोरीतून सोडून दिला. आणि तो भरून काढला दुसऱ्याच कोणी तरी.

घागर डोक्यावरून आणणाऱ्याला माप शिकवावे लागत नाही. ते विसरते नळावाल्याला. इंदूर शहराचेच पाहा. नर्मदा आणा म्हणून तिथल्या नागरिकांनी १९७० साली आंदोलन केले आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून ते आणावे लागते. त्या पंपांचे वीजबिल एवढे जड की जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित कर्जरोखे विक्रीला काढले. कर्जरोखे हा आपल्या अभ्यासक्रमातला विषय, म्हणून मी ही बातमी मुद्दाम वाचली. पण त्या पाण्याने अंगण धुणाऱ्याच्या बादलीवर यातले काहीच लिहिलेले नसते.

काही मित्र म्हणतात, घरातल्या बादल्या मोजून काय होणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते काय लोक जास्त अंघोळी करीत होते म्हणून? मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती, ते आधी मोजा. हा आक्षेप खोटा नाही. ‘जलदूत’ची पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन गेली, तेवढ्या पाण्यात उसाचे किती गुंठे भिजतात हे शेतकऱ्याच्या मुलाला विचारावे. घरातल्या बाईला उपदेश करून शेताकडे आणि कारखान्याकडे डोळेझाक करणे हा ढोंगीपणाच आहे. मात्र उसाचा हिशेब मागायचा तर आपला स्वतःचा हिशेब हातात असावा लागतो. तो आपल्याजवळ नाही.

बेळगावात तर आपण एक विलक्षण प्रकार करतो. नळाला पाणी आले की पिंपातले कालचे ‘शिळे’ पाणी ओतून टाकतो. पाणी काय भात आहे शिळे व्हायला? २००८ च्या सुमारास आपल्या शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, तेव्हा घरोघर मीटर बसले आणि पिंप भरून ठेवण्याची गरजही उरली नाही. मीटर म्हणजे तरी काय, आजींचे कॅलेंडरच. (कन्नड विभागातला माझा मित्र घागरीला ‘कोड’ म्हणतो. दोन्हींत पाणी तेवढेच मावते.)

परत आल्यावर मी आमच्या वसतिगृहातल्या गळक्या नळाखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवून घड्याळ लावले. पेला सहा मिनिटांत भरला. म्हणजे तासाला दोन लिटर आणि दिवसाला ४८. म्हणजे पुन्हा माझ्या त्या तीन बादल्याच. दहा रुपयांच्या आतला वायसर आणून आम्हीच तो बसवला.

मग न्हाणीघराबाहेर कॅलेंडर टांगले. प्रत्येकाने आपल्या बादल्या आपल्या नावापुढे लिहायच्या, असे ठरले. पहिला आठवडा हुरूप होता. दुसऱ्या आठवड्यात टाकीची पातळी आणि कॅलेंडरवरची बेरीज जुळेना. जुळत नाही ती रक्कम कुठे टाकायची हे आपल्याला शिकवलेले आहे, म्हणून मी खाली एक ओळ वाढवली: सस्पेन्स अकाउंट. परवा मोजले तेव्हा त्यात ९०० लिटर होते. वापरणारे आम्ही चौदाजणच आहोत.