सीमेवरचे पेट्रोल

चार माणसे जमली, की सीमाभागात एक प्रश्न हटकून निघतो : पेट्रोल स्वस्त कोठे, इकडे की तिकडे? बेळगावकर शिनोळीकडे पाहतो, चंदगडकर बेळगावकडे पाहतो, आणि चोर्ला घाटाने गोव्यास जाणारा दोघांसही हसतो. देश एक, तेल एक. पण राज्याची हद्द ओलांडली की भाव बदलतो! कारण उघड आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पेट्रोल व डिझेल त्यातून वगळण्यात आले आणि त्यांवरील विक्रीकर राज्यांच्या हाती राहिला. कर्नाटक सरकारने 15 जून 2024 रोजी तो वाढविला व पेट्रोल लिटरमागे तीन रुपयांनी महागले. डिझेलवर 1 एप्रिल 2025 पासून आणखी बोजा चढला.

महाराष्ट्राचा करही हलका नाही, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. विलीनीकरणाने पेट्रोल स्वस्त होईल, असे वचन आम्ही कोणास दिलेले नाही. 1956 पासूनचा हा लढा भाषेचा आणि न्यायाचा आहे. पंपावरील आकड्याने तो जिंकला जाणार नाही आणि हरलाही जाणार नाही.

मग संसारी माणसाने करावे काय? आधी हिशेब करावा. समजा, पलीकडचा पंप 15 किलोमीटरवर आहे आणि तेथे लिटरमागे 5 रुपये वाचतात. मोटारसायकलीत पाच लिटर भरले, तर वाचले 25 रुपये. लिटरला 50 किलोमीटर धावणारी गाडी जाऊन येऊन 30 किलोमीटर चालली, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल जळाले. शंभर रुपये भावाने त्याचे झाले साठ रुपये. पंचवीस मिळविण्यासाठी साठ घालविणे, ही कसली काटकसर? कामानिमित्त त्या वाटेने जाणाऱ्याने अवश्य भरून यावे. केवळ त्यासाठी कोणी जाऊ नये.

खरी बचत चालविणाऱ्याच्या हातात आहे. 1978 साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी 45 ते 55 किलोमीटर वेग राखण्याचा सल्ला देते. मूठ एकदम पिळणे आणि लगेच ब्रेक दाबणे म्हणजे पैसे रस्त्यावर सांडणे होय. चाकांत हवा कमी असली, की इंजिनास ओढ पडते. म्हणून महिन्यातून एकदा, चाके गार असताना, हवा पाहून घ्यावी. रेल्वेचे फाटक पडले असता इंजिन बंद करावे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची खोड मात्र सोडावी. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर घालून अॅक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालते ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते, आणि इंजिनाचा आवर सुटल्याने सारा भार ब्रेकवर येतो. चार पैशांसाठी जीव पणास लावणे शहाणपणाचे नाही.

आणि सर्वांत स्वस्त वाहन तर आपल्या परिचयाचेच आहे. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनी बेळगावात सायकल फेरी निघते. त्या दिवशी अभिमानाने सायकल मारणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानासाठी मोटारसायकलीस किक मारावी, हे शोभत नाही.

सर्वोच्च न्यायालयातील 2004 च्या दाव्याचा निकाल आपल्या हाती नाही, राज्यांचे करही आपल्या हाती नाहीत. गाडीची मूठ मात्र आपल्या हाती आहे. लांबलेल्या लढ्यास सावरलेली घरे लागतात. महिन्याकाठी दोन लिटर वाचले, तर त्यातून मराठी वाचनालयाची वर्गणी निघेल, शाळेत जाणाऱ्या पोराच्या वह्या येतील. ते तेल धुरात घालविण्याची चैन सीमावासीयांस परवडणारी नाही.