दुखणे बाईचे, मोबाईल नवऱ्याचा

योनिमुखाशी महिनोन् महिने आग होते. सुया टोचल्यासारखे दुखते, धड बसवत नाही, नवऱ्याजवळ जायचे म्हटले की अंगावर काटा येतो. तपासले तर जखम नाही, जंतुसंसर्ग नाही, त्वचेचा रोगही नाही. अशी वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकली आणि तिचे दुसरे ठोस कारण सापडले नाही, तर वैद्यकशास्त्र तिला 'व्हल्व्होडायनिया' म्हणते. नाव परके आहे, दुखणे परके नाही. आमच्या वस्त्यांतल्या बाया "खाली आग होते" एवढेच बोलतात, तेही दुसऱ्या बाईच्या कानात.

असले विषय दैनिकात कशाला, असे विचारणारे काही वाचक असतील. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे खटला हरले, दंड भरला. पण शरीराविषयीच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. त्यांच्या अनुयायांनी या विषयावर लाजून गप्प बसण्याचे कारण नाही.

२००३ साली अमेरिकेच्या बोस्टन परिसरातील सुमारे पाच हजार बायकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे १६ टक्के बायकांनी आयुष्यात कधी ना कधी अशी तीन महिन्यांहून लांबलेली वेदना सोसल्याचे सांगितले. त्यातल्या जवळपास ४० टक्के डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या, आणि ज्या गेल्या त्यांच्यापैकी ६० टक्क्यांना तीन किंवा अधिक डॉक्टरांचे उंबरे झिजवावे लागले. आम्हांला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. तोवर डॉक्टरमंडळी हा प्रामुख्याने गोऱ्या बायकांचा आजार समजत होती. दवाखान्यात बसून न मोजता घरोघरच्या बायकांना विचारले, तेव्हा काळ्या बायकांतही त्याचे प्रमाण गोऱ्यांइतकेच निघाले, आणि स्पॅनिशभाषक मुळाच्या बायकांत तर त्याहून बरेच जास्त! म्हणजे दवाखान्याची नोंदवही आजार कोणाला आहे हे सांगत नव्हती, दवाखान्यापर्यंत पोहोचते कोण एवढेच सांगत होती.

या आजारावर इंटरनेटवरून मानसोपचार देण्याचे प्रयोग आता युरोपात होत आहेत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी असा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. देशभरातून ९९ स्त्रिया घेतल्या. दवाखान्यातल्या उपचाराची वाट पाहत असतानाच्या काळात निम्म्यांना सहा आठवड्यांचा, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालचा उपचार घरबसल्या दिला, बाकीच्या नुसत्या थांबल्या. उपचार घेतलेल्यांना संबंधाच्या वेळची वेदना कमी जाणवली. आजार मुळासकट गेला असे कोणी म्हटलेले नाही, आणि एवढ्याशा संख्येवरून कोणी म्हणूही नये.

दुखणे शरीराचे आणि उपचार मनाचा, हे कसे? येथे घोटाळा होऊ देता कामा नये. वेदनेची भीती बसली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेने भीती वाढते, आणि मज्जातंतू हलक्या स्पर्शालाही चटक्यासारखे घेऊ लागतात. हे चक्र मनाच्या बाजूने सैल करता येते, इतकाच त्याचा अर्थ. "तुमच्या मनाचे खेळ आहेत, बाई" असा तो अर्थ नाही. भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एक बाण शरीराला लागतो, दुसरा त्या वेदनेने होणाऱ्या तळमळीचा. दुसरा बाण काढला म्हणून पहिला लागलाच नव्हता, असे तथागतांनी कधी म्हटलेले नाही.

आता आपल्याकडे पाहू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतील ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बीडचे उदाहरण तर ताजे आहे. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे आले की ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायांना कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतल्याच्या कहाण्या त्या वेळी बाहेर आल्या. गर्भाशयाचे दुखणे आणि योनिमुखाचे दुखणे वेगळे, हे आम्ही जाणतो. पण कष्टकरी बाई दुखणे घेऊन गेली की तिचे ऐकून घेण्याआधी तिच्यावर काय करता येईल हे पाहिले जाते, ही रीत दोन्हींकडे तीच आहे.

सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही दूरध्वनीवरील मानसोपचार सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, मराठीतही बोलता येते. चांगली गोष्ट आहे. पण फोन कोणाच्या हातात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, खेड्यांत तर २५ टक्क्यांच्या आत. आणि फोन असला तरी दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, पोरे बसलेली असताना "संबंधाच्या वेळी दुखते" हे वाक्य ती कोणत्या कोपऱ्यात जाऊन उच्चारणार? स्वीडनचा प्रयोग स्वतंत्र खोली आणि स्वतःचा संगणक गृहीत धरून चालतो. आपल्याकडच्या योजनाकारांनीही तेच गृहीत धरले, तर बोस्टनच्या जुन्या नोंदवह्यांसारखीच आपलीही नोंदवही होईल.

या उपचारपद्धतीत 'स्वीकार' हा शब्द वारंवार येतो, आणि त्यावर आमचा खरा आक्षेप आहे. आक्षेप उपचारावर नाही, त्या शब्दाच्या येथील प्रवासावर आहे. वेदना आहे हे मान्य करावे, तिच्याशी झुंजण्यात सगळी शक्ती न घालवता आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या जगण्याकडे चालू लागावे, हा त्याचा मूळ आशय. पण या देशात स्त्रीशूद्रांना हजारो वर्षे कर्मफळ म्हणून सोसण्याचाच उपदेश झाला. उद्या एखाद्या समुपदेशकाने 'स्वीकार' म्हणजे नवऱ्याला नकार न देणे असा अर्थ लावला, तर त्याला कोण अडवणार? स्वीडनमध्ये विवाहांतर्गत बलात्कार १९६५ पासून गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या बाईच्या 'नाही'मागे कायदा उभा असतो. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीबाबत नवऱ्याला अपवाद दिलेला आहे, आणि तो काढण्याला केंद्र सरकारने २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र देऊन विरोध केला. संबंधाच्या वेळी आगीत लोटल्यासारखे होणाऱ्या बाईला कायदाच नकाराचा पूर्ण हक्क देत नसेल, तर सहा आठवड्यांचे ऑनलाईन धडे तिला कितीसे पुरणार?

म्हणून क्रम बदला, अशी आमची मागणी आहे. आधी तपासणी, मग फोन. मधुमेहामुळे वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, त्वचेचे आजार, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, हे सगळे आधी पाहिले गेले पाहिजे, कारण त्यांच्यावर वेगळे औषध आहे. योनिमुखाला कापसाच्या बोळ्याने हलकेच स्पर्श करून नेमके कुठे दुखते ते बघण्याची साधी पद्धत आहे. तिला यंत्र लागत नाही, बाई डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका आणि आडोसा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस यासाठी ठेवता येईल. समुपदेशनही त्याच केंद्रातल्या बंद खोलीतून, केंद्राच्या फोनवर देता येईल, म्हणजे बाईला घरच्यांना सांगायला "दवाखान्यात जाऊन येते" एवढेच पुरेल. आशाताईंना या आजाराचे नाव आणि लक्षणे मराठीत शिकवा. आणि त्यांचे मानधन वेळेवर द्या, हेही येथे सांगून ठेवतो, कारण प्रत्येक नवी योजना शेवटी त्यांच्याच पिशवीत जाऊन पडते.