स्वयंपाकघराची दुरुस्ती : कोणाच्या सोयीसाठी?

आपल्याकडे घर दुरुस्त करावयाचे ठरले की पैशांची वाटणी जणू आधीच झालेली असते. पहिला मान बाहेरच्या खोलीचा. तिथला रंग, तिथली फरशी, दाराची पॉलिश. उरलेसुरले स्वयंपाकघराच्या वाट्याला. आणि तेही जाते कुठे, तर भिंतीवरच्या फुलाफुलांच्या टाइल्सवर! ज्या जागी घरातील एक व्यक्ती दिवसाचे कित्येक तास उभी असते, तिच्या कमरेचा, डोळ्यांचा आणि श्वासाचा विचार या अंदाजपत्रकात कुठेच नसतो. म्हणून मला असे म्हणावयाचे आहे की, पैसा थोडा असेल तर स्वयंपाकघराची दुरुस्ती घरच्यांनी शक्य तितकी स्वतःच्या हातांनी करावी, आणि तिची सुरुवात टाइल्सपासून न करता तिथे काम करणाऱ्या माणसाच्या कोपरापासून करावी.

कोपराचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. ताठ उभे राहून हात कोपरात दुमडला, तर जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची भरते, तीतून चार ते सहा इंच वजा करावेत. चिरणे-निवडणे, पोळ्या लाटणे यांसाठी ओट्याची सोयीची उंची साधारण तेवढी असते. ओटा याहून उंच झाला की खांदे वर चढतात, फार ठेंगणा झाला की कंबर वाकते. आपल्याकडे मात्र ओट्याची उंची गवंडी आपल्या सवयीप्रमाणे ठरवतो, आणि जी बाई त्यावर पुढची तीस वर्षे काम करणार तिला कोणी विचारीत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली घराघरांत वाटी-चमच्यांची मापे नेली. पण वाटी ज्या ओट्यावर ठेवायची त्याचे माप घ्यावे, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. साताऱ्यातील आमचे स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट. ओटा पस्तीस इंच उंच. आईची उंची चार फूट अकरा इंच. मोठ्या पातेल्यातली भाजी ढवळताना ती जेवणाचा लाकडी पाट पायाखाली घेऊन उभी राहत असे. आम्ही हे लहानपणापासून पाहत होतो, आणि पाट हा ओट्याचाच एक भाग आहे असे समजून चाललो होतो. उजव्या खांद्याला ती बाम चोळी. विचारले तर “चाललंय की माझं,” म्हणे. या तीन शब्दांवर आपल्याकडची किती स्वयंपाकघरे उभी आहेत, याचा हिशोब कोणीतरी मांडावयास हवा.

गेल्या उन्हाळ्यात काम काढावयाचे ठरले. एका दुकानदाराने मॉड्युलर स्वयंपाकघराचा दीड लाखांचा अंदाज दिला. आमच्यापाशी होते बारा हजार. तेव्हा वडील, धाकटा भाऊ आणि मी असे तिघांनी मिळून काम करावयाचे ठरवले. ओळखीच्या गवंडीकाकांनी एक संध्याकाळ येऊन रीत समजावून दिली. ओट्याचा कडप्पा विटांच्या पायांवर टेकलेला आणि मागे भिंतीच्या खाचेत बसवलेला होता. तो सोडवून पायांचा विटांचा एक थर काढला की उंची जवळजवळ चार इंचांनी उतरते. भिंतीत तितकीच खाली नवी खाच पाडावयाची आणि तोच कडप्पा पुन्हा बसवावयाचा. नवा दगड नको, नवी वीट नको. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एकच : कडप्पा उचलताना आडवा न धरता कडेवर उभा धरावा, आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकतो. चार शेजारी बोलावून आम्ही तो उतरवला आणि चढवला. सिमेंटवर सात दिवस पाणी मारले. भिंतीवर उघडी पडलेली चार इंचांची पट्टी उरलेल्या वेगळ्या रंगाच्या टाइल्सनी झाकली. ती दिसते. दिसू द्यावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा काम करणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. त्यामुळे आपलीच सावली विळीवर आणि सुरीवर पडते. दिवा ओट्याच्या वरच्या, समोरच्या भिंतीवर आणला की सावली मागे जाते. तिसरी गोष्ट हवेची. फोडणीचा धूर वर चढतो, म्हणून बाहेर फेकणारा पंखा शेगडीजवळच्या भिंतीत उंचावर बसवावा आणि हवा आत येण्याची वाट त्याच्या समोरच्या बाजूस असावी. चौथी गोष्ट हाताच्या टप्प्याची. रोज लागणारे डबे खांदा आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर, आणि दिवाळीला लागणारे सोऱ्या-झारे माळ्यावर. जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेल्या सागवानी फळ्यांची मांडणी आम्ही या हिशोबाने ठोकली. लॉरी बेकर यांनी केरळात जुन्या विटा, जुनी दारे-खिडक्या पुन्हा वापरून घरे उभी केली. आपल्याला एक फडताळ जमू नये, असे नाही.

खर्च सांगितल्यावाचून असल्या लेखाला अर्थ नाही. सिमेंट, वाळू व टाइल्स बावीसशे, नळकाम अठराशे, वीजकाम व दिवा एकोणीसशे, पंखा सतराशे, फळ्या पंधराशे, रंग चौदाशे, खिडकीची जाळी पाचशे. एकूण अकरा हजार. नळकाम आणि वीजकाम यांच्या रकमांत कारागिरांची मजुरी आहे, कारण ‘स्वतः करणे’ याचा अर्थ सर्वच स्वतः करणे असा मी घेत नाही. वीज आणि गॅस यांच्याशी हौसेने खेळू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्याहून उंचावर, आणि खाली हवा खेळती हवी. प्रमाणित नळीही पाच वर्षांनी बदलावीच. घराचा भार पेलणाऱ्या भिंतीला तर जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हौशी हातांचे काम कच्चे राहते आणि गवंड्याच्या पोटावरही पाय येतो. ज्याच्याजवळ दीड लाख आहेत त्याने ते कारागिराला अवश्य द्यावेत. माझा मुद्दा ज्यांच्याजवळ ते नाहीत आणि म्हणून जे काहीच करीत नाहीत, त्यांच्यापुरता आहे. विटांचा एक थर काढण्यासाठी दीड लाख साठण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वयंपाकघर सोयीचे करणे म्हणजे स्त्रीला तिथेच अधिक घट्ट बांधून ठेवणे नव्हे काय? या शंकेला इतिहास आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. खिडकीशी कामाचे मेज, बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल, छताच्या पट्टीवर सरकणारा दिवा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आपण ते आखले तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे बाईंनी पुढे स्वतःच सांगितले. पावले वाचली, हे खरे. पण त्या चिंचोळ्या खोलीत दुसरे माणूस उभे राहू शकत नसे, आणि तिने गृहिणीला एकटे पाडले, अशी टीका नंतरच्या पिढीतील स्त्रियांनी केली.

मला ही टीका पटते, आणि तिच्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. सोय चांगली, पण ती बाहेरून आखून दिलेली नसावी, आणि एकट्या माणसापुरती नसावी. आपल्या देशातील २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस! हा फरक ओटा ठेंगणा केल्याने मिटणार नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या मुलाने त्या ओट्याच्या विटा काढल्या, त्याला पाटावर उभे राहून भाजी ढवळणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमच्या घरी तिघे पुरुष आठ दिवस स्वयंपाकघरात होते. वाटाण्याचा डबा कुठे असतो, मोरीचे पाणी कुठे तुंबते, संध्याकाळी कुठे अंधारते, हे वडिलांना पंचवीस वर्षांनंतर प्रथम कळले. दीड लाख मोजून मॉड्युलर स्वयंपाकघर आले असते, पण हे ज्ञान आले नसते.

“मग पुरुषांनीही स्वयंपाक करावा म्हणतोस, तर ओटा आईच्याच मापाचा का?” असे एका मित्राने विचारले. प्रश्न रास्त आहे. एक तर आज तिथे सर्वांत जास्त वेळ तीच उभी असते. दुसरे, उंच माणसाला पोळपाटाखाली जाड फळी ठेवून उंची वाढवता येते. ठेंगण्या माणसाला रोज ओटा कापून घेता येत नाही. मी पाच फूट आठ इंच आहे, आणि रविवारची भाकरी फळी ठेवून थापतो. उद्या घरकामाची वाटणी खरोखर सारखी झाली आणि विटांचा थर पुन्हा चढवावा लागला, तर मी आनंदाने चढवीन.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत एक मोजपट्टी घ्या. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करते तिच्या कोपराची उंची मोजा, मग ओट्याची मोजा. दिवा कुठे आहे ते पाहा. त्यानंतर तिला विचारा, “इथं काय बदलू?” पहिले उत्तर बहुधा “चाललंय की” असेच येईल. तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा विचारा.

— तृतीय वर्ष कला